नाक एवढं मोठं कसं आलं?

सहलीच्या वेळी महाबळेश्वरला केट्स पॉईंटवर मी वर्गातल्या एका मुलीचा फोटो काढला. मागे कृष्णेचं खोरं, खाली धोम धरणाचं पाणी. सगळंच यावं म्हणून मोबाईलवर ‘०.५’ दाबलं आणि तिच्या अगदी जवळ गेले. फोटो बघून ती हिरमुसलीच. "बाई, माझं नाक एवढं मोठं आहे?"

नाक छान होतं हो, चूक माझी होती! कशी, ते बघू या.

फिल्मच्या कॅमेऱ्यावरची ५० मिलिमीटरची लेन्स एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंशांचं दृश्य टिपते. २८ मिलिमीटरची सुमारे ७५ अंशांचं. हीच वाइड अँगल लेन्स. मोबाईलची नेहमीची लेन्सही बहुधा याच जातीची, आणि ‘०.५’ची त्याहून रुंद.

आता थोडं गणित. कान नाकाच्या शेंड्यापासून १२ सेंटिमीटर मागे आहेत असं धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कानांपासून ४२ वर. जवळचं मोठं दिसतं, म्हणून नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठं येतं. तोच कॅमेरा २ मीटरवर न्या. आता अंतरं २०० आणि २१२. फरक जेमतेम सहा टक्के! म्हणजे नाक फुगवतं ते अंतर. रुंद लेन्स आपल्याला फार जवळ जायला लावते, इतकंच.

आणखी एक. या लेन्सने कडेच्या वस्तू ताणल्या जातात. म्हणून चेहरा मधोमध घ्या, कोपऱ्यात नको.

मग ही लेन्स वाईट का? मुळीच नाही. सगळं दृश्य मावावं म्हणून काही जण मोबाईलकडे बघत मागे मागे सरकतात, आणि पाठीमागे असते दरी! रुंद लेन्स असली की फार मागे जावं लागत नाही. जागा आधी बघून घ्या, दोघंही कठड्याच्या आत उभे राहा, आणि मगच फोटो काढा. आईबाबांनो, हे तुम्हालाही बरं का! हुकलेला फोटो पुन्हा काढता येतो.

आज घरी दादाचा फोटो एका वितीवरून आणि मग चार पावलांवरून काढून बघा. कान कुठल्या फोटोत नीट दिसतात?

आणि हो, त्या मुलीचा दुसरा फोटो मी दोन मीटरवरून काढला. चेहरा लहान आला, पण खोरंही आलं आणि तिचं हसूही!