आयसीयूतली अवघड बोलणी

आयसीयूच्या दारात उभ्याउभ्या डॉक्टर जे सांगतात, तेवढ्यावर थांबू नये. पेशंटची तब्येत खालावत चालली असेल, तर आपणच वेळ मागून घ्यावी आणि बसून बोलावं. घरचे दोघे-तिघे पुरेत. परगावचा मुलगा फोनवर हवाच. तो राहून गेला की दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पेशंट शुद्धीवर असेल तर पहिला हक्क त्याचा. ‘बाबांना काही सांगू नका’ म्हणत त्यांनाच बाजूला ठेवणं मला पटत नाही.

आपल्याला काय समजलंय, ते आधी आपण सांगावं. गैरसमज तिथेच उघड होतो. ‘बीपी आज बरं आहे’ ऐकून हायसं वाटतं. पण ते औषधांच्या जोरावर टिकवलेलं असू शकतं. म्हणून सरळ विचारावं: यातून ते उठतील का? उठले तर कशा अवस्थेत?

पुढचा टप्पा सगळ्यात कठीण. ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ असं मुलीला विचारलं, की वडिलांच्या जिवाचा निकाल तिच्या माथी येतो. मग भीतीपोटी ‘सगळं करा’ निघतं. खरा प्रश्न असा: बाबांना बोलता आलं असतं, तर ते काय म्हणाले असते? शेजारच्या काकांच्या आजारपणात ते काय बोलले होते, आठवून पाहावं. त्यांचं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल शुद्धीत असताना लिहून ठेवलेली इच्छा, असेल तर दाखवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीचं किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं.

ते नसलं तरी जीव टिकवणारे उपचार थांबवण्याचा मार्ग आहे. तीन डॉक्टरांचं मंडळ पेशंटला तपासतं, मग दुसरं मंडळ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं.

यंत्रं काढली तरी शुश्रूषा थांबत नाही. दम कोंडू नये म्हणून मॉर्फिन बेताने देतात, तोंड ओलं ठेवतात. गंगाजल द्यायचं असेल तर नर्सला विचारावं. गिळता येत नसेल तर ठसका लागतो, ओठांना मात्र लावता येतं.

‘घरी नेतो’ म्हणून घाईने सही करण्यात पेशंटचे फार हाल होतात. सहीआधी विचारावं: ऑक्सिजन कुठून येईल, दुखण्यावरचं औषध कोण देईल, रात्री फोन कुणाला करायचा?