हिंसाचार, माध्यमिक शालेय विद्यार्थ्यांतील
माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने दुसऱ्यास इजा पोहोचविण्याच्या हेतूने केलेला बळाचा वापर किंवा तशी दिलेली धमकी. मारामारी, शस्त्र बाळगणे, खंडणी उकळणे व दांडगाई ही त्याची प्रमुख रूपे होत. कृत्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही पक्षांच्या बळातील असमतोल ही दांडगाईची लक्षणे डान ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने सांगितली.

टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये समाजविरोधी वर्तनाचे दोन प्रकार मानले. एक बालपणीच सुरू होऊन प्रौढपणीही टिकतो; तो थोड्याच मुलांत आढळतो. दुसरा कुमारावस्थेपुरता मर्यादित असतो व पुढे बहुधा ओसरतो. [⟶ बालगुन्हेगारी].

जोखमीचे घटक : उतावीळ स्वभाव, अवधानातील दोष व लहानपणची आक्रमकता हे व्यक्तिगत; कठोर वा विसंगत शिस्त, मारहाण व देखरेखीचा अभाव हे कौटुंबिक; गुन्हेगारीकडे झुकलेले सोबती, अभ्यासातील अपयश व शाळेविषयीची दुरावलेली वृत्ती हे सामाजिक घटक होत. एकट्या घटकाचा प्रभाव सामान्यतः अल्प असतो. अनेक घटक एकत्र आल्यास जोखीम वाढते. तथापि जोखमीचा घटक म्हणजे भाकीत नव्हे. असे घटक असलेली बहुसंख्य मुले गंभीर हिंसेकडे वळत नाहीत. म्हणून त्यांवरून एखाद्या मुलावर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारणे अशास्त्रीय व घातक ठरते.

अ. सं. सं.मधील सीक्रेट सर्व्हिस व शिक्षण खाते यांच्या २००२ च्या अहवालात १९७४–२००० या काळातील ३७ शालेय हल्ले व ४१ हल्लेखोर यांचा अभ्यास आहे. हल्लेखोरांचे कोणतेही एकच ठराविक व्यक्तिचित्र त्यात आढळले नाही. मात्र पाचांपैकी चार घटनांत हल्ल्याचा बेत दुसऱ्या कोणास तरी, बहुधा सोबत्यास, आधी ठाऊक होता. विद्यार्थी विश्वासाने बोलू शकेल असा प्रौढ शाळेत असणे हे यामुळेच महत्त्वाचे ठरते.

प्रतिबंध : नॉर्वेमध्ये १९८२ मध्ये तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सहाध्यायांकडून झालेला छळ हे त्यांचे संभाव्य कारण मानले गेले व पुढील वर्षी देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गेन येथील सु. २,५०० विद्यार्थ्यांत ओल्व्हेउस यांच्या कार्यक्रमामुळे दांडगाईचे प्रमाण सु. निम्म्याने घटले; इतर देशांतील परिणाम याहून मर्यादित होते. वर्गाचे स्पष्ट नियम, मधल्या सुटीतील देखरेख व पालकांशी संवाद ही त्याची अंगे होत. भारतात शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. शिक्षकाची छडी हीदेखील बळाने प्रश्न सुटतात हेच शिकविते. त्यामुळे ही मनाई हिंसाचाराच्या प्रतिबंधाचाही भाग ठरते.