स्वसंरक्षणाच्या पिस्तुलातील गोळी : एका निकषाची घडण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्य नागरिकाने भरलेले पिस्तूल अंगावर बाळगून वावरणे ही नवलाची गोष्ट नाही. २३ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्याच्या निकालात स्वसंरक्षणार्थ घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क ठरविला. त्यापूर्वीही बहुतेक राज्यांत ही मुभा होतीच. अशा नागरिकापुढे पिस्तुलाच्या निवडीहूनही अवघड असा प्रश्न उभा राहतो, तो त्यात घालावयाच्या काडतुसाचा. 'रोधकशक्ती' हा त्या व्यापारातील मोठा आवडता शब्द. या शब्दाला मोजता येईल असा काही अर्थ आहे काय, आणि नसल्यास निवड कशाच्या आधारे करावयाची, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्याकडे सेनेचे ९ मि.मी. काडतूस चालेल अशी पिस्तुले निषिद्ध वर्गात मोडतात. त्यामुळे हा प्रश्न या स्वरूपात आपल्या नागरिकाच्या वाट्यास येत नाही. तथापि त्याच्या इतिहासाचा एक धागा आपल्याच भूमीतून निघतो.

१८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश फौजेने .३०३ व्यासाची, संपूर्ण धातुकवच असलेली गोळी स्वीकारली. वायव्य सरहद्दीवर ती शरीरातून सरळ आरपार जाते आणि चालून येणारा माणूस थांबत नाही, अशी तक्रार होऊ लागली. कलकत्त्यानजीक डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाकडील कवच काढून शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच टोकाशी पसरते, तिचा व्यास वाढतो आणि जखम रुंद होते. २९ जुलै १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. ही घोषणा राष्ट्राराष्ट्रांतील युद्धापुरतीच होती. पोलीस व नागरिक तिच्या कक्षेबाहेर राहिले, आणि त्यातून मोठी चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. जी गोळी सैनिकाने वापरणे हा अपराध, तीच शहरातील शिपायाने वापरावी असा आग्रह पुढे धरला गेला. त्यामागचे कारण मात्र विचार करण्याजोगे आहे. पूर्ण कवचाची ९ मि.मी. गोळी शरीरसदृश पदार्थात दोन फुटांहून अधिक खोल जाते. म्हणजे ज्याच्यावर ती झाडली त्याला ओलांडून मागच्या पादचाऱ्यापर्यंत पोचू शकते. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने १९९८ मध्ये पोकळ टोकाच्या गोळ्या स्वीकारण्याचे ठरविले, ते प्रामुख्याने या भयास्तव.

गोळी फार खोल गेली तर त्रयस्थाला धोका, हे उघड आहे. परंतु ती पुरेशी खोल गेली नाही तर काय होते, याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९०४ मध्ये थॉम्प्सन व लागार्ड या दोन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर व काही मृतदेहांवर गोळ्या झाडून .४५ व्यासाचा पुरस्कार केला. प्राण्यांची संख्या अल्प, झाडण्याच्या जागा निरनिराळ्या. आजच्या दृष्टीने त्या प्रयोगास प्रमाण मानणे कठीण. १९७० नंतरच्या दशकात अॅबरडीन येथील संशोधकांनी अधिक आधुनिक दिसणारा मार्ग धरला. वेगवान गोळी ऊतींना क्षणभर बाजूस सारते आणि एक तात्पुरती पोकळी निर्माण करते. या पोकळीच्या आकारमानावरून त्यांनी गणकयंत्राच्या साहाय्याने काडतुसांची क्रमवारी लावली. साहजिकच हलक्या, वेगवान, झटकन पसरणाऱ्या गोळ्या वरच्या क्रमांकावर आल्या. आकडे नेटके होते. फक्त जे मोजावयास हवे होते ते मोजलेले नव्हते.

याची प्रचीती ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे आली. केंद्रीय अन्वेषण खात्याच्या, म्हणजे एफ.बी.आय.च्या, आठ अधिकाऱ्यांनी दोन दरोडेखोरांस अडविले. अधिकारी जेरी डव्ह यांची ११५ ग्रेन वजनाची, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅमची, ९ मि.मी. पोकळ टोकाची गोळी त्यांपैकी एकाच्या उजव्या दंडातून पार होऊन छातीत शिरली, फुप्फुस भेदून गेली आणि हृदयाच्या अलीकडे जेमतेम इंचभर अंतरावर थांबली. जखम कालांतराने प्राणघातक ठरणारीच होती. परंतु तो काळ जाईपर्यंत त्या माणसाने रायफल चालविणे सोडले नाही. डव्ह आणि त्यांचे सहकारी बेंजामिन ग्रोगन हे दोघेही त्याच्या गोळ्यांनी मृत्यू पावले व इतर पाच अधिकारी जखमी झाले. गोळीत बिघाड नव्हता. ती रचनेप्रमाणे पसरली आणि त्यामुळेच लवकर थांबली. सारा दोष काडतुसाच्या माथी मारणे खात्याला सोयीचे होते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. रायफलधाऱ्यासमोर बहुतांशी पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे घेऊन जाणे ही चूक काडतुसाची नव्हती. तरीही या घटनेने योग्य प्रश्न विचारला गेला, हे मान्य करावे लागते.

सप्टेंबर १९८७ मध्ये क्वांटिको येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅक्लर यांचे विवेचन निर्णायक ठरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पिस्तुलाच्या गोळीचा वेग इतका कमी असतो की तात्पुरत्या पोकळीचा ताण बहुतेक लवचीक ऊती सहन करून पूर्ववत होतात. उरते ती गोळीने प्रत्यक्ष चिरडलेली वाट. माणूस तत्काळ निश्चेष्ट होतो तो मेंदू किंवा मज्जारज्जूचा वरचा भाग दुखावला तरच. अन्यथा रक्तस्रावाची वाट पाहावी लागते. हृदय निकामी झाले तरी मेंदूतील प्राणवायू दहा-पंधरा सेकंद हेतुपूर्वक हालचालीस पुरतो. एवढ्या अवधीत पुष्कळ गोळ्या झाडता येतात. तेव्हा 'रोधकशक्ती' नावाचा स्वतंत्र गुणधर्म पिस्तुलाच्या गोळीत नसतो. ती महत्त्वाच्या अवयवापर्यंत पोचते की नाही, हाच पहिला प्रश्न. किती पसरते हा दुसरा.

पोचण्याची मोजणी जिलेटिनमध्ये होते. दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा ४ अंश सेल्सियस तपमानास ठेवून प्रथम त्यात ठराविक वेगाने पोलादी छर्रा झाडतात. छर्रा सुमारे साडेआठ सें.मी. जावा; कमी-अधिक गेल्यास ठोकळा बाद. मग खरी गोळी उघड्या ठोकळ्यात, जाड कपड्यांतून, भिंतीच्या फळीतून, प्लायवुड, पोलादी पत्रा व मोटारीची काच यांतून झाडली जाते. किमान १२ इंच आणि कमाल १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सें.मी., ही मर्यादा ठरली. छातीची खोली पाहता १२ इंच अवास्तव वाटतील. परंतु मध्ये दंड येऊ शकतो, माणूस तिरका उभा असू शकतो, आणि मायामीत तेच घडले होते. ठोकळ्यात हाडे नाहीत, त्वचा नाही, हा आक्षेप खरा आहे. जिलेटिन हे शरीराचे चित्र नव्हे, तो एक गज आहे. दोन गोळ्यांची तुलना एकाच गजाने व्हावी एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

पुढची हकिगत मोठी बोधक आहे. खात्याने प्रथम १० मि.मी.चे जोरकस काडतूस घेतले. त्याचा धक्का अनेकांस पेलेना. १९९० मध्ये .४० व्यासाचे काडतूस बाजारात आले व सर्वत्र पसरले. त्याच कसोट्यांच्या दडपणाखाली ९ मि.मी. गोळीची घडण मात्र इतकी सुधारली की २०१४ मध्ये खात्याच्या प्रशिक्षण विभागाने पुन्हा तिचीच शिफारस केली. धक्का कमी, नेम अधिक, मॅगझिनमध्ये काडतुसे जास्त, आणि भेदन तेवढेच.

नागरिकाची अडचण थोडी निराळी असते. त्याला मोटारीच्या काचेतून गोळी झाडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. उलट त्याचे पिस्तूल लहान, नळी तीन इंचांच्या आसपास. लांब नळीतून उत्तम पसरणारी गोळी आखूड नळीतून कमी वेगाने निघते व कधी पसरतच नाही. हिवाळ्यातील जाड कपड्यांचे तंतू पोकळ टोकात बसले की तीच गोळी भरीव गोळीसारखी वागते व खोल निघून जाते. कित्येक उत्पादक आता त्या पोकळीत मऊ पॉलिमरचा बोळा बसवितात, तो यासाठी. म्हणून खोक्यावरील वेगाचा आकडा पाहण्यापेक्षा आपल्या नळीच्या लांबीशी जुळणारी, कपड्यांतून केलेली चाचणी पाहणे श्रेयस्कर. त्याहीपूर्वी ती काडतुसे आपल्या पिस्तुलात न अडकता चालतात की नाही, हे प्रत्यक्ष झाडून पाहिले पाहिजे. ती महाग असल्याने पुष्कळजण हे टाळतात, आणि ही काटकसर प्रस्तुत लेखकास अनाकलनीय वाटते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख येथे करणे इष्ट आहे. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच वरचे काडतूस पुन्हा चढविण्याची अनेकांस सवय असते. प्रत्येक वेळी चेंबरात शिरताना गोळीच्या टोकास ठोकर बसते आणि ती पुंगळीत किंचित आत सरकू शकते. दारूसाठी असलेली जागा त्यामुळे आकुंचित होते आणि झाडतेवेळी दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो. असे काडतूस वरचेवर नव्या काडतुसाशेजारी उभे करून उंची ताडून पाहावी. आखूड भरल्यास ते पुन्हा न वापरता बाजूस काढावे.