खांबाचा खड्डा आणि त्याची हत्यारे
(चांदूर रेल्वे परिसरातील मातीच्या संदर्भात)

शेताच्या कुंपणाविषयी बोलताना तार, जाळी आणि खांब यांचा विचार पुष्कळ होतो. खांब ज्यात उभा राहावयाचा त्या खड्ड्याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः कुंपणाचे आयुष्य जमिनीवर दिसणाऱ्या पाच फुटांपेक्षा जमिनीखालील अडीच फुटांवर अधिक अवलंबून असते. हा खड्डा कोणत्या हत्याराने खणावा, हा प्रश्न वरवर केवळ सोयीचा वाटतो. परंतु हत्यारांची नावे व त्यांची कामे एकत्र ठेवून पाहिली, तर त्यात काही निश्चित तत्त्वे आढळतात. त्यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेश आणि प्रश्न

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्यांची गावे आहेत. त्यांपैकी मुंबई-नागपूर लोहमार्गावरील ते चांदूर रेल्वे आणि दुसरे चांदूर बाजार. चांदूर रेल्वे व अमरावती यांच्या दरम्यान पोहरा-मालखेडचे राखीव वन पसरलेले आहे. अशा वनाच्या कडेच्या वावरांत सोयाबीन, तूर किंवा हरभरा उभा राहिला, की रानडुकरे आणि रोही (अन्यत्र ज्याला नीलगाय म्हणतात तो प्राणी) यांचा उपद्रव सुरू होतो. रानडुक्कर तारेच्या खालच्या अंगाला मुसंडी मारते. रोही वरच्या तारांना अंगाने रेटतो. दोन्ही प्रकारचा भार शेवटी खांबाच्या मुळाशी येतो. एक खांब कलला, की त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा सैल पडतात आणि हंगामाचे पीक एका रात्रीत हातचे जाते. म्हणून खड्डा उथळ राहणे हा दोष लहान नव्हे.

श्रमाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. चौरस आकाराच्या एक एकर वावराचा परीघ सुमारे २५४ मीटर भरतो. दहा दहा फुटांवर खांब घेतला, तर ८३-८४ खड्डे होतात. अडीच फूट खोल आणि एक फूट व्यासाच्या खड्ड्यातून सुमारे दोन घनफूट माती निघते. व्यास दोन फूट झाला, तर तीच माती जवळजवळ आठ घनफूट होते. म्हणजे रुंदी दुप्पट झाली की खोदाई चौपट होते. याखेरीज, न हललेली माती खांबाला जितकी घट्ट धरते, तितकी भरावाची माती धरीत नाही. तेव्हा खड्डा खोल हवा, पण अरुंद हवा. हत्याराच्या निवडीचे सारे मर्म या एका अटीत आहे.

२. फोडणे आणि उचलणे

खड्डा खणण्याच्या क्रियेत दोन वेगळ्या क्रिया असतात: माती फोडणे व फोडलेली माती वर काढणे. मराठीचा शब्दसंग्रह पहिल्या क्रियेच्या बाबतीत संपन्न आहे. देशावरील ‘पहार’ वऱ्हाडात ‘सब्बल’ होते. तिकडचा ‘टिकाव’ इकडे ‘टिकास’ होतो. ‘कुदळ’ हा शब्द संस्कृत ‘कुद्दाल’ यापासून आलेला असून तो दोन्हीकडे चालतो. अमरकोशात तोमराचा, म्हणजे भाल्याच्या जातीच्या शस्त्राचा, पर्याय म्हणून ‘शर्वला’ हा शब्द येतो. ‘सब्बल’ या शब्दाचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. ही व्युत्पत्ती हत्याराच्या आकाराशी जुळणारी आहे, कारण सब्बल भाल्याप्रमाणे सरळ असते आणि सरळच मारावे लागते.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. कुदळ व टिकास यांचे पाते दांड्याशी काटकोनात असते. ती डोक्यावरून फिरवून मारावयाची. त्यामुळे त्यांना खड्ड्यात वावरण्यास जागा लागते. फूटभर खोली झाली, की दांडा काठाला अडतो आणि खणणारा नाइलाजाने तोंड रुंद करीत जातो. असा खड्डा नरसाळ्यासारखा होतो: वर पसरट, खाली निमुळता. सब्बलीला मात्र तिच्या स्वतःच्या जाडीहून अधिक जागा लागत नाही. खड्डा जितका खोल व अरुंद, तितके हत्यार सरळ हवे, असा नियमच सांगता येईल.

दुसऱ्या क्रियेकडे, म्हणजे माती उचलण्याकडे वळले, की शब्दसंग्रह एकदम अपुरा पडतो. ‘फावडे’ आणि ‘घमेले’ मोकळ्या जागेतील कामाची साधने आहेत; फूटभर रुंदीच्या खड्ड्यात ती उतरत नाहीत. तेथे माणूस पालथा पडून हाताने किंवा एखाद्या जुन्या डब्याने माती काढतो. या कामाच्या हत्याराला मराठीत रूढ नाव नाही, कारण असे हत्यारच आपल्या नित्य वापरात नव्हते. परिणामी जेथे हात पुरत नाही, तेथे खड्डा थांबतो. उथळ खड्ड्यांचे कारण पुष्कळदा आळस नसून हेच असते. खड्ड्याची खोली माती फोडणाऱ्या हत्याराने नव्हे, तर ती उचलणाऱ्या हत्याराने ठरते.

हा विषय आपल्या परंपरेस अपरिचित नाही. शतपथब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडात यज्ञातील यूप उभारण्याचा विधी सांगितला आहे. तेथे खणण्याच्या हत्याराला ‘अभ्रि’, खड्ड्याला ‘अवट’ आणि यूपाच्या जमिनीत पुरावयाच्या भागाला ‘उपर’ अशी स्वतंत्र नावे आहेत. पुरलेल्या भागालाही नाव असावे, इतके त्याचे महत्त्व त्या काळी ओळखले गेले होते.

३. माती आणि ऋतू

या भागातील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या यामुळेच. त्या वेळी ढेकूळ दगडासारखे असते, सब्बल उसळते. भर पावसात तीच माती पात्याला चिकटते आणि सुटता सुटत नाही. या दोहोंमधील योग्य ओलाव्याच्या स्थितीला मराठीत ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे. पेरणीसाठी पाहिला जाणारा वाफसा खड्ड्यांसाठीही पाहावा. पावसाळा सरल्यानंतरचे आठवडे त्यास चांगले. उन्हाळ्यातच खणणे भाग असेल, तर वीतभर खड्डा करून त्यात रात्री पाणी सोडावे व सकाळी खणावे.

फुगणाऱ्या मातीतील पायांसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (स्थापना १९४७) तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या स्तंभपायांची पद्धत विकसित केली. त्यांचे खड्डे हाताने फिरवावयाच्या गिरमिटाने घेता येतात आणि नंतर दुसऱ्या हत्याराने तळ रुंद केला जातो. खोल काळ्या मातीत असे पाये निदान साडेतीन मीटर खोल न्यावेत, असे भारतीय मानक सांगते. कुंपणाच्या खांबास एवढ्या खोलीची गरज नाही. परंतु तत्त्व तेच लागू पडते. खड्डा नरसाळ्यासारखा नव्हे, तर माठासारखा हवा: तोंड लहान, तळ मोठा. सब्बलीच्या चपट्या टोकाने तळाच्या कडा तासून हे साधता येते.

४. निवड

प्रथम धुऱ्यावर तीन-चार ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यावेत. काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो, हे समजल्याशिवाय हत्यार विकत अथवा भाड्याने घेऊ नये.

खांब थोडे असतील किंवा जमीन बरड, मुरमाड असेल, तर सब्बल हेच मुख्य हत्यार. ते पुरेसे जड असावे, म्हणजे काम हाताच्या जोरापेक्षा त्याच्या वजनाने होते. जोडीला माती काढण्यासाठी लांब दांड्यांचे, दोन पात्यांचे, चिमट्यासारखे मिटणारे हत्यार मिळाल्यास अवश्य घ्यावे. पालथे पडण्याचे श्रम त्याने वाचतात. काळी माती खोल असेल आणि तीत दगड नसतील, तर हाताने फिरवावयाचे गिरमिट उत्तम, कारण ते फोडण्याची व उचलण्याची क्रिया एकाच फेऱ्यात करते.

खड्डे शंभराच्या घरात गेले, की पेट्रोलवर चालणारे ‘अर्थ ऑगर’ किंवा ट्रॅक्टरला जोडावयाचे ‘होल डिगर’ परवडते. ही यंत्रे वाफशाच्या मातीत झपाट्याने काम करतात. मात्र दर अर्ध्या फुटाला मळसूत्र वर घेऊन माती झाडावी. एका दमात खाली नेल्यास ते चिकणमातीत रुतून बसते. दगड लागताच हातयंत्र उलटा झटका देते, त्यात मनगट दुखावते. अशा जागी यंत्र बंद करून सब्बलच घ्यावे. फिरत्या दांड्याजवळ दुपट्टा, शेला किंवा सैल कपडा मुळीच नको. तो गुंडाळला गेला, तर माणूस खेचला जातो, आणि ट्रॅक्टरच्या यंत्रापुढे सावरण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही.

खड्डा झाल्यावर निघालेली काळी माती तशीच परत लोटू नये. मुरूम व खडी थराथराने टाकून सब्बलीच्या बोथट अंगाने ठोकावी आणि शेवटचे सहा इंच मातीने असे चोपावेत, की पाणी खांबापासून दूर वाहील. अन्यथा खड्डाच पाण्याचे टाके होतो. कोपऱ्याच्या खांबांवर तारांचा सर्व ताण येत असल्याने त्यांचे खड्डे अधिक खोल घेऊन त्यांना तिरपा टेकू द्यावा.

सारांश, हत्याराची निवड तीन गोष्टींवर अवलंबून आहे: मातीचा थर, तिचा ओलावा आणि खड्ड्यांची संख्या. वऱ्हाडातील शेतकऱ्याजवळ माती फोडण्याची हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत व त्यांची नावेही आहेत. उणीव आहे ती अरुंद खड्ड्यातून माती वर आणणाऱ्या हत्याराची. ते गावच्या लोहाराकडून करवून घेणे अवघड नाही. ते एकदा नित्याच्या वापरात आले, की लोक त्याला नावही देतील.