सशांचं भांडण कसं मिटवायचं?



आपल्या दिंडोरी तालुक्यात काही घरांत मुलांच्या हट्टापायी सशांची जोडी येते. दोन पांढरी गोजिरवाणी पिल्लं एकाच खोक्यात एकमेकांना बिलगून झोपतात. तीन-चार महिने सगळं छान चालतं. मग एके दिवशी पिंजऱ्यात केसांचे पुंजके दिसतात, एकाचा कान फाटलेला असतो आणि पोरं रडत असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एकाला द्या सोडून मळ्यात." हा उपाय मात्र करू नका. पाळीव ससा रानात जगत नाही. पांढऱ्या रंगामुळे तो लांबून दिसतो आणि कुत्री-मांजरं त्याला एका रात्रीत संपवतात. भांडण मिटवता येतं. ते कसं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी ससे का भांडतात ते समजून घेऊ. आपल्या माळावर दिसतो तो रानससा वेगळा. तो बीळ करत नाही, एकटा राहतो आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून त्याला धरून पाळायचं नसतं. घरातला ससा युरोपातल्या बीळ करणाऱ्या सशाच्या वंशातला. ते कळपानं राहतात, म्हणून त्याला सोबत लागते. पण कळप म्हटला की थोरला कोण, धाकटा कोण हे ठरावं लागतं आणि आपली जागाही राखावी लागते. साडेतीन-चार महिन्यांचे झाले की नर वयात येतात, माद्या थोड्या पुढेमागे. भांडणं तेव्हाच सुरू होतात. दोन नर असले तर एका म्यानात दोन तलवारी! माद्याही आपल्या कोपऱ्यासाठी झोंबतात, गाभण असली तर जास्तच.

म्हणून पहिलं काम म्हणजे नर-मादी ओळखणं. बाजारात "दोन्ही माद्याच आहेत" असं सांगतात, पण लहान पिल्लात भल्याभल्यांची चूक होते. गुरांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. नर-मादी एकत्र असतील तर एक महिन्यात पिल्लं होतात, आणि व्यायली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते.

भांडण जुंपलं तर मध्ये उघडा हात घालू नका, दात खोल लागतात. जाड टॉवेल किंवा गोणपाट टाका, नाहीतर मध्ये सूप सरकवा. ससा कानाला धरून कधीच उचलू नका. एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली द्या. तो लाथा झाडतो तेव्हा आधार नसेल तर त्याचा कणा मोडू शकतो.

वेगळे केल्यावर केस बाजूला करून अंग तपासा. कान, नाक, पाठ आणि शेपटीखालची जागा नक्की बघा. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ घालून जखम धुवा. हळद, तेल काही थापू नका, ससा ते चाटतो. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून दिवसातून दोनदा बघा. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. माणसांना चालणारी काही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सशाचं पोट बिघडून तो दगावतो. जखम खोल असेल, गाठ आली असेल किंवा ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता समेटाकडे येऊ. दोन्ही नर असतील किंवा नर-मादी असतील, तर आधी नराचं खच्चीकरण करून घ्यावं. सशाला भूल देणं नाजूक काम असतं. नाशिकमध्ये छोट्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत, त्यांना "तुम्ही सशांची शस्त्रक्रिया करता का?" असं आधी विचारा. शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे नराला मादीपासून लांब ठेवा. तेवढ्या काळात मादी गाभण राहू शकते, आणि नराचा ताठाही हळूहळूच उतरतो.

मग दोघांचे पिंजरे शेजारी ठेवा. मध्ये चार बोटं अंतर राहू द्या, नाहीतर जाळीतून नाकाला चावा बसतो. रोज एकाचं गवत, फडकं दुसऱ्याकडे टाका. सशांची ओळख वासावर चालते. दोघांना खायला जाळीजवळच द्या. दोघं जाळीला टेकून निवांत बसायला लागले की पुढचं पाऊल टाका. याला कधी दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने.

पहिली भेट दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागेत घडवा. न्हाणीघर चालेल, पडवीत द्राक्षाचे रिकामे कॅरेट उभे करून आडोसा केला तरी चालेल. फरशी निसरडी असेल तर पोतं अंथरा. कोथिंबीर, मेथीची थोडी पानं पसरून ठेवा. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरे, आणि तुम्ही तिथेच बसा. एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी लवकर करा. सशाला घाम येत नाही, उन्हात पळापळ झाली तर तो दगावू शकतो.

थोडा पाठलाग, अंगावर चढणं, एखादा केस उपटणं इतपत चालू द्या. भांड्याला भांडं लागणारच. पण कान मागे चिकटवून, शेपटी ताठ करून अंगावर धावले, एकमेकांभोवती गरगर फिरू लागले, तर लगेच वेगळे करा. दुसऱ्या दिवशी कमी वेळ ठेवा. एकाने डोकं खाली घातलं आणि दुसऱ्याने ते चाटलं, की समेट जवळ आला. काही दिवस ओळीने भांडण झालं नाही, तर पिंजरा धुऊन, सगळी मांडणी बदलून दोघांना एकत्र ठेवा. दोन भांडी, दोन पाण्याच्या वाट्या ठेवा आणि लपायच्या खोक्याला दोन दारं ठेवा, म्हणजे कुणी कोपऱ्यात कोंडला जात नाही. फवारलेल्या बागेच्या बांधावरचं गवत मात्र घालू नका.

एकाला दवाखान्यात न्यायचं असेल तर दोघांना न्या. एकटा परत आला की दवाखान्याच्या वासामुळे दुसरा त्याला ओळखत नाही आणि पुन्हा जुंपते.

इतकं करूनही काही जोड्या जमत नाहीत. मग जाळीआड शेजारी राहू द्या. सोबत मिळते आणि रक्तही निघत नाही. आणि ज्या मैत्रिणी आता ससा आणायचं म्हणत असतील, त्यांनी दोन पिंजऱ्यांची सोय आधी करावी आणि मगच बाजारात जावं.