मालकाच्या घरात पाळणा हलतो तेव्हा

मूल झालं की माणूस मवाळ होतो, आणि तो धंदा चालवणारा असेल तर त्याच्या हाताखालच्या लोकांचेही दिवस थोडे बरे येतात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मालक स्वतः लेकुरवाळा आहे, आपली अडचण समजून घेईल, या भरवशावर कितीतरी कामगार रजा मागायला किंवा उचल घ्यायला जातात. या समजाची सर्वांत कसून तपासणी डेन्मार्कमध्ये झाली आहे. तिथल्या सरकारी दप्तरात प्रत्येक नोकरदाराचा पगार, त्याची कंपनी आणि कंपनीच्या प्रमुखाच्या घरातले जन्म यांची सांगड घालता येते. मायकेल डाल, क्रिस्टियन देझो आणि डेव्हिड रॉस या संशोधकांनी 1996 ते 2006 या काळातल्या हजारो कंपन्यांची अशी माहिती तपासून 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. पुरुष प्रमुखाला मूल झालं की सर्वसाधारणपणे त्याचा हात कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबत आखडता होत होता. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी. पहिलंच अपत्य मुलगी असेल तर मात्र पगार उलट किंचित वाढत होते, आणि कर्मचाऱ्यांमधल्या स्त्रियांना पुरुषांइतकी झळ बसत नव्हती.

हे फरक एखाद्याचा संसार उलथवतील इतके मोठे नव्हते. पण त्यांची दिशा मला फार बोलकी वाटते. घरात नवा जीव आला की त्याच्यासाठी राखून ठेवण्याची ओढ वाढते, आणि राखून ठेवायचं म्हणजे कुणाला तरी कमी द्यायचं. हे दुष्टपणानं होतं असं नाही. आपल्या लेकरावरची मायाच इतरांच्या ताटातला घास लहान करू शकते, हे मान्य करायला जड जातं एवढंच. त्याच वेळी पहिली मुलगी झाल्यावर पगार वाढतात, यावरून दिसतं की पालकपण माणसाला सरसकट चांगला किंवा वाईट मालक करत नाही. त्याची नजर कुठवर पोचते हे ते बदलतं. जे आपल्या घरात घडतं ते त्याला दिसू लागतं, आणि जे घरात घडत नाही ते पूर्वीइतकंच अदृश्य राहतं.

यावर अर्थशास्त्र जाणणारा वाचक म्हणेल की पगार बाजार ठरवतो, मालकाचं काळीज नव्हे. शिवाय मुलं असणारे आणि नसणारे मालक वयानं, स्वभावानं मुळातच वेगळे असतील, मग दोष मुलांना का द्यायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या विषयावरच्या चांगल्या अभ्यासांचा भर मुलगा झाला की मुलगी यावर असतो. मूल कधी व्हावं हे माणूस ठरवू शकतो, पण मुलगा की मुलगी हे जिथे निसर्गावर सोडलेलं असतं तिथे दोन्ही प्रकारचे बाप इतर बाबतींत सारखेच असतात, आणि पुढे त्यांच्या कारभारात फरक पडला तर त्याचं कारण अपत्यातच शोधावं लागतं. हेनरिक क्रॉनक्विस्ट आणि फ्रँक यू यांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांबद्दल दाखवलं की ज्यांच्या प्रमुखाला मुलगी आहे त्यांचं सामाजिक जबाबदारीचं मूल्यांकन सुमारे 9 टक्क्यांनी वरचं असतं. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी लावताना जपावं लागेल. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त 894 मुली होत्या. पहिल्या खेपेला हस्तक्षेप कमी आणि नंतरच्या खेपांना जास्त होतो हे खरं, पण जिथे मुलीचा जन्मच अडवला जातो तिथे मुलगी असणारा बाप आणि नसणारा बाप यांची तुलना सरळ राहत नाही.

पालकपणाचा सर्वांत महागडा परिणाम दिसतो तो गादी सोडताना. पुन्हा डेन्मार्कच. मॉर्टेन बेनेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिलं अपत्य मुलगा असेल तर कंपनीची सूत्रं घरातच राहण्याचं प्रमाण पहिली मुलगी असणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त आढळलं. आणि सूत्रं घरात राहिल्यामुळे कंपनीची नफाक्षमता निदान चार टक्के बिंदूंनी घसरली. स्त्री-पुरुष समानतेसाठी जगभर वाखाणल्या जाणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे. घराण्याचा धंदा पुढच्या पिढीचा विचार करून लांबचं पाहतो, असं त्याच्या बाजूनं म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून 1926 मध्ये पदवीधर झाले आणि मग त्यांनी कारखानदारी कुठल्या कुठे नेली. पण तिथे वारसाला आधी घडवलं होतं. नुसत्या जन्माच्या हक्कानं खुर्ची दिली तर तिची किंमत तिथे राबणाऱ्या सगळ्यांना मोजावी लागते.

उलट बाजूचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचं. यव्हॉन आणि मॅलिंडा शुइनार्ड या दांपत्यानं व्हेंच्युरा इथल्या मुख्य कार्यालयात 1983 च्या सुमारास पाळणाघर सुरू केलं, तेव्हा तान्ही मुलं घेऊन कामावर येण्याची ओढाताण मॅलिंडांच्या डोळ्यांसमोरच होती. पाळणाघर म्हणजे तोट्याचा धर्मादाय, ही शंका तिथेही होती. 2016 मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख रोझ मार्कारिओ यांनी हिशेब मांडला की करसवलत, टिकून राहणारे कर्मचारी आणि त्यांचं कामातलं लक्ष धरलं तर सुमारे 91 टक्के खर्च भरून निघतो. हा कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे, तेव्हा तो थोडा हात राखून घ्यावा. तरी मालकीण आई होती म्हणून जे सुचलं, ते मालक कोणीही असला तरी परवडू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि मालकाला सुचण्याची वाट पाहत बसायचं का, हा खरा प्रश्न आहे. ज्या मालकाला मुलगी नाही, त्याच्या कारखान्यातल्या बाईनं काय करायचं? मुंबई इलाख्यात 1929 मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला, देशातला पहिला. त्याआधी 1928 मध्ये विधिमंडळात त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं की बाळंतिणीला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून भार सरकारनंही घ्यायला हवा, पण तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानं त्यातला वाटा उचलणं योग्यच आहे. पुढे 2017 च्या दुरुस्तीनं पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली आणि पन्नास किंवा अधिक माणसं असणाऱ्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. मात्र कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरच्या नोकरीत या रजेचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. लहान वर्कशॉपवाला म्हणतो, मग मी तरुण बाईला कामावर घेऊच कशाला? त्याच्या म्हणण्यात अर्थ आहे, पण त्याचा उपाय रजा कापणं हा नव्हे. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेत दाखवलं की सारखीच पात्रता असूनही आई असलेल्या उमेदवाराला कमी सक्षम मानून कमी पगार सुचवला जातो, बापाला हा दंड बसत नाही. तो दंड कमी करायचा तर रजेचा भार सामाईक निधीतून उचलायला हवा, आणि केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना जी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते तिच्यासारखी, पण तिच्याहून मोठी, रजा खासगी नोकरीतल्या बापालाही कायद्यानं द्यायला हवी. मूल झालं की कामावरून काही आठवडे पुरुषही जाणार, हे ठाऊक असलेल्या मालकाला नेमणूक करताना बाईला वेगळं मोजण्याचं कारण निम्म्यानं तरी कमी होईल.