यादीत नसलेलं नाव

सामना संपला की बहुतेक खेळाडू अंघोळीला पळतात. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघालेली असते ते मात्र घामेजल्या कपड्यांतच एका लहानशा खोलीत जाऊन बसतात. किमान ९० मिलिलिटर लघवी द्यायची असते, आणि दीड तास धावून आलेल्या माणसाच्या अंगात तेवढं पाणी उरलेलं नसतं. मग बाटलीमागून बाटली पाणी पीत थांबायचं. कधी कधी तास-दोन तास. नमुना द्यायचा तो अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत. तो दोन काचेच्या बाटल्यांत, ‘ए’ आणि ‘बी’, खेळाडूने स्वतःच्या हाताने ओतायचा आणि झाकणंही स्वतःच घट्ट फिरवायची. गेल्या सात दिवसांत कोणती औषधं, कोणती पूरकं घेतली, हेही फॉर्मवर लिहून द्यायचं. मग सही.

१७ मार्च २०१६ च्या रात्री मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या ममादू साखोची अशीच उत्तेजक चाचणी झाली. युरोपा लीगमधला मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामना १-१ असा सुटला होता आणि लिव्हरपूल पुढच्या फेरीत गेलं होतं. साखो तेव्हा २६ वर्षांचा होता. पॅरिसमध्ये जन्मलेला, धिप्पाड, चेंडूसाठी अंग झोकून देणारा बचावपटू. फ्रान्सचे लोक त्याला ओळखत ते नोव्हेंबर २०१३ च्या एका रात्रीमुळे. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत युक्रेनकडून पहिला सामना २-० असा हरलेल्या फ्रान्सने परतीचा सामना ३-० जिंकला, आणि त्यातला पहिला गोल साखोचा होता.

बाटल्या प्रयोगशाळेकडे गेल्या आणि साखो खेळत राहिला. १४ एप्रिलला अ‍ॅनफिल्डवर डॉर्टमुंडविरुद्ध लिव्हरपूल १-३ असं मागे पडलं होतं. शेवटी ४-३ जिंकलं. बरोबरी साधणारा तिसरा गोल साखोने डोक्याने मारला. २० एप्रिलला एव्हर्टनविरुद्ध त्याने आणखी एक गोल केला. त्या दोन सामन्यांत तो ज्या तडफेने खेळला, तसा त्याआधी क्वचितच खेळला असेल. आणि त्याच आठवड्यात बातमी फुटली की साखोच्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं आहे.

द्रव्याचं नाव हायजेनामाइन. ते पोटात गेलं होतं वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या पूरकातून, ज्याला जिमच्या भाषेत ‘फॅट बर्नर’ म्हणतात. साखोने ते घेतल्याचं नाकारलं नाही, आणि ‘बी’ बाटली तपासण्याची मागणीही केली नाही. २८ एप्रिलला युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्याला ३० दिवसांसाठी निलंबित केलं.

हे तीस दिवस कोणते होते ते पाहायला हवं. १८ मे रोजी बासेलमध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना होता. लिव्हरपूल तो सेव्हियाकडून १-३ असा हरलं, आणि साखो संघात नव्हता. जूनमध्ये युरो स्पर्धा होती आणि ती होती फ्रान्समध्येच. प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी मेच्या मध्याला संघ जाहीर केला, त्यात साखोचं नाव नव्हतं. पुढे वरान आणि मॅथ्यू हे दोन बचावपटू जखमी झाले, तेव्हाही बोलावणं गेलं ते आदिल रामी आणि सॅम्युएल उमतिती यांना. ८ जुलैला युएफाच्या शिस्तपालन समितीने साखोविरुद्धचा खटला फेटाळला. १० जुलैला, त्याच स्ताद द फ्रान्सवर जिथे त्याने युक्रेनविरुद्ध गोल केला होता, फ्रान्स पोर्तुगालकडून अंतिम सामना हरला. बचावफळीत उमतिती खेळला.

खटला फेटाळला गेला, पण द्रव्य तर सापडलं होतं आणि खेळाडूने ते कबूलही केलं होतं. मग तो सुटला कसा? इथे थोडं शरीरशास्त्र सांगावं लागतं.

आपण धावलो, घाबरलो, चिडलो की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते रक्तातून फिरत निरनिराळ्या पेशींवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरांना, जाऊन चिकटतं. कुलपाला किल्ली लागावी तसं. हृदयावर मुख्यतः ‘बीटा-१’ जातीची कुलपं असतात. ती उघडली की ठोके वाढतात. श्वासनलिकांवर ‘बीटा-२’ असतात. ती उघडली की नलिका सैल होतात आणि श्वास मोकळा होतो. चरबीच्या पेशींनाही या किल्ल्या लागतात आणि साठवलेली चरबी रक्तात सुटू लागते. बीटा-२ उघडणाऱ्या औषधांना ‘बीटा-२ अ‍ॅगोनिस्ट’ म्हणतात. दम्याच्या रुग्णांच्या पंपातलं साल्ब्युटामॉल याच घराण्यातलं. क्लेनब्युटेरॉलही याच घराण्यातलं. त्याने जनावरांचं मांस वाढतं आणि चरबी घटते, म्हणून ते डोपिंगच्या जगात बदनाम आहे. हे सगळं घराणंच खेळात निषिद्ध आहे. फक्त साल्ब्युटामॉलसारख्या काही औषधांना, तीही ठरावीक मात्रेत आणि पंपातून ओढली तर, मुभा आहे.

हायजेनामाइनची किल्ली बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही कुलपांना लागते. त्यामुळे छाती धडधडते, घाम येतो, अंगात काहीतरी पेटल्यासारखं वाटतं, आणि विकणारा म्हणतो, बघा, चरबी जळते आहे. जळतं किती, हा प्रश्न वेगळाच. फॅट बर्नर घेणारे बहुतेक जण त्याच सुमारास खाणंही निम्मं करतात, आणि वजन उतरल्याचं श्रेय पूरकाच्या डब्याला मिळतं.

आणि हे द्रव्य कारखान्यातच जन्मलेलं नाही. ते वनस्पतींत आहे. बचनागाच्या कुळात आहे, कमळाच्या बियांमधल्या हिरव्या अंकुरात आहे, ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ नावाच्या वेलीत आहे. हे शेवटचं नाव वाचून मी थबकलो, कारण आपली गुळवेल म्हणजे ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’, तिची सख्खी चुलत बहीण. दोन्ही वेली वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नये. पण नात्यामुळे एक गोष्ट लख्ख कळली. ‘वनस्पतीजन्य आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य आपण काढ्यापासून चूर्णापर्यंत सगळ्याला लावतो. प्रयोगशाळेतल्या यंत्राला ते वाक्य ऐकू येत नाही.

आता मूळ वाद. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, दरवर्षी निषिद्ध द्रव्यांची यादी काढते आणि ती १ जानेवारीपासून लागू होते. २०१६ च्या यादीत लिहिलं होतं की सर्व बीटा-२ अ‍ॅगोनिस्ट निषिद्ध आहेत. हायजेनामाइनचं नाव मात्र त्यात कुठेच नव्हतं. वाडाचं म्हणणं, ते त्याच घराण्यातलं आहे, म्हणजे बंदी आहेच. साखोच्या वकिलांचं म्हणणं, ते त्या घराण्यातलं आहे हे ठरवलं कुणी आणि खेळाडूला ते कळणार कसं? युएफाच्या समितीने तज्ज्ञांना बोलावून ऐकलं आणि निर्णय साखोच्या बाजूने दिला. वाडाने त्यावर अपील केलं नाही. आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या यादीत बीटा-२ अ‍ॅगोनिस्टांखाली एक नाव नव्याने छापून आलं: हायजेनामाइन.

वाडाची अडचण मला समजते. रसायनतज्ज्ञ रोज नवं संयुग काढतात. प्रत्येकाचं नाव लिहीत बसलं तर यादी कायम एक पाऊल मागे राहील. म्हणून ‘आणि याच जातीची इतर’ असं दार उघडं ठेवावं लागतं. पण दुसऱ्या बाजूला उत्तेजकविरोधी नियमांचा पायाच असा आहे की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याला तोच जबाबदार. कुणी दिलं, चुकून गेलं का, माहीत होतं का, हे सगळे प्रश्न शिक्षेच्या वेळचे. दोष आधी त्याच्या माथी. हा कडक नियम मला मान्य आहे, कारण त्याशिवाय प्रत्येक चोर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटेल. मात्र ज्याच्याकडून इतकी काटेकोर जबाबदारी मागायची, त्याच्या हातात दिलेला कागदही तितकाच काटेकोर हवा. साखोच्या वेळी तो तसा नव्हता. यादीतल्या एका ओळीचा अर्थ लावायला तज्ज्ञांची साक्ष लागली. सव्वीस वर्षांच्या खेळाडूने तो ड्रेसिंग रूममध्ये बसून कसा लावायचा?

साखोला याची भरपाई मैदानावर मिळाली नाही. फ्रान्सकडून तो मोठी स्पर्धा पुन्हा खेळला नाही आणि वर्षभरात लिव्हरपूलही सुटलं. तो क्रिस्टल पॅलेसकडे गेला. वर निर्दोष ठरल्यावरही वाडाच्या बाजूने पत्रकारांना पाठवलेल्या ईमेलमधून त्याच्यावर शंकेचं बोट राहिलंच. त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर २०२० मध्ये वाडाने माफी मागितली, साखोने नियम मोडला नव्हता आणि फसवणुकीचा हेतूही नव्हता हे मान्य केलं, आणि मोठी नुकसानभरपाई देण्याचं कबूल केलं. अंतिम सामन्याची रात्र तोवर चार वर्षं जुनी झाली होती.

हेच द्रव्य नंतर आपल्या देशात येऊन थडकलं, आणि ज्या नावाला येऊन थडकलं ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. दीपा कर्माकर. साखो सुटला त्यानंतर पाचेक आठवड्यांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रोदुनोव्हा ही जीवघेणी उडी मारून चौथी आलेली, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलेली त्रिपुराची जिम्नॅस्ट. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचा स्पर्धेबाहेर नमुना घेतला गेला आणि त्यात हायजेनामाइन सापडलं. तोवर ते नाव यादीत छापलेलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. तिला २१ महिन्यांची बंदी झाली, जुलै २०२३ पर्यंत. आपण हे अजाणता घेतलं आणि ते कशातून आलं हे शोधूनही सापडलं नाही, असं तिने सांगितलं. बंदी संपल्यावर मे २०२४ मध्ये ताश्कंदला ती आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय जिम्नॅस्ट झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. जिम्नॅस्टच्या आयुष्यातले एकवीस महिने म्हणजे किती, हे ज्याने त्या वयाची मुलगी सराव करताना पाहिली आहे त्याला विचारावं.

मुंबईकरांना याच घराण्यातलं आणखी एक नाव आठवेल. क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ साली टर्ब्युटालिन सापडलं. तेही बीटा-२ अ‍ॅगोनिस्ट. खोकल्याच्या औषधांत सर्रास असतं. फेब्रुवारीत इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान नमुना घेतला होता. खोकला झाला म्हणून दुकानातून सिरप आणून घेतलं, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. क्रिकेट मंडळाने ते ग्राह्य धरलं आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली.

सिरपच्या बाटलीवर निदान घटक तरी लिहिलेले असतात. डब्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हायजेनामाइन असलेली २४ पूरकं तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. द्रव्याचं प्रमाण फक्त पाचांवर छापलेलं होतं आणि त्यातलं एकही बरोबर नव्हतं. प्रत्यक्षात एका मात्रेत नाममात्र अंशापासून ६२ मिलिग्रॅमपर्यंत काहीही निघालं. शिवाय एकाच द्रव्याची अनेक नावं असतात. हायजेनामाइन कुठे ‘नॉरकोक्लॉरिन’ म्हणून येतं, कुठे ‘डिमेथिलकोक्लॉरिन’ म्हणून, तर कुठे नुसतं वेलीचं लॅटिन नाव.

हे मी वाचत होतो त्याच सुमारास माझा भाचा घरी आला होता. तो कबड्डी खेळतो, कुमार गटात. त्या गटात वजनाची मर्यादा असते, आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीला तीन आठवडे उरलेले असताना तो तीन किलो वर होता. बॅगेतून त्याने काळा, लाल झाकणाचा डबा काढला. जिममधल्या कुणीतरी दिलेला, अर्धा संपलेला. आम्ही तो जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली धरला. मागची अक्षरं इतकी बारीक की मला चष्मा पुसून घ्यावा लागला. वर ‘थर्मोजेनिक मिश्रण’ असं लिहून पुढे एकच वजन दिलेलं होतं, आणि त्याखाली स्वल्पविरामांनी जोडलेली अकरा नावं. कॅफिन ओळखू आलं, ग्रीन टी ओळखू आला. बाकीची नावं भाच्याने मोबाइलवर एकेक करून टाकून पाहिली. सातव्या नावापाशी आम्ही अडकलो, कारण तिथलं छापील अक्षर हाताच्या घामाने पुसलं गेलं होतं.

“मामा, इथे काय असेल?” त्याने विचारलं.

मी डबा दिव्याच्या आणखी जवळ नेला. तरी वाचता आलं नाही. त्याने झाकण लावलं, डबा बॅगेत न ठेवता टेबलावरच राहू दिला, आणि रात्री भात खाल्ला नाही.